वहिनीची खालची कवळी

माझ्या तोंडात सध्या अठ्ठावीस दात आहेत आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दातवाल्याने केलेले आहेत. अक्कलदाढा तो कुणालाच बसवत नाही. मी एकदा मागून पाहिल्या, तर म्हणाला, "मुळात होत्या याचा काही पुरावा आहे का?" अशा माणसाबद्दल चांगलं बोलणं मला जरा जडच जातं. पण आज बोलायचं ठरवलंय, तेव्हा ऐकून घ्या.

दात काढायचं काम डॉक्टरांचं, बसवायचं याचं. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन माणूस बोळक्या तोंडाने याच्या दुकानात येतो. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे उंच पाठीची खुर्ची, तिच्यासमोर आरसा, मागच्या टेबलावर मेण, प्लास्टर, लहानमोठ्या कानशी आणि घासायची मोटर. भिंतीवरच्या मांडणीत गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या जबड्यांचे साचे ओळीने मांडलेले. गावात कोण कुणावर दात धरून आहे हे मला तसंही ठाऊक असतं. पण कुठल्या दातांनी, ते त्या मांडणीवरच कळतं. म्हणून तर गेली अकरा वर्षं खिडकीजवळचं स्टूल माझं आहे. नवं गिऱ्हाईक माझ्याकडे बघून बिचकलं की दातवाला सांगतो, "त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. ते येत नाहीत, असतात."

आता या धंद्याची खोड सांगतो. नवी कवळी पहिल्या दिवशी बसतच नाही. कुठे टोचते, कुठे घासते, खालची तर जीभ हलली की होडीसारखी डुलते. गिऱ्हाइकाने सांगायचं, याने केसभर घासायचं, पुन्हा घालून बघायची, पुन्हा सांगायचं. अशा चार-पाच फेऱ्या झाल्या की मग ती तोंडाची होते. काम सोपं आहे. फक्त माणसाने खरं बोललं पाहिजे. आणि तिथेच सगळं अडतं.

कारण आपली माणसं सभ्य. याने विचारावं, "टोचतंय का?" समोरच्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलेलं, आणि तोंडाने, "छे हो! छान आहे! अगदी छान! किती कष्ट घेतलेत तुम्ही!" असं म्हणून घरी जायचं आणि कवळी ड्रॉवरमध्ये. मग ती बाहेर निघणार लग्नाला, फोटोला, नाहीतर हा रस्त्यात भेटेल या भीतीने. मी स्वतः दोन माणसं अशी पाहिलीत की याला लांबून बघितलं की भिंतीकडे तोंड करतात, आणि वळतात तेव्हा दात आलेले असतात!

सगळ्यांत मोठा फटका याला एका हेडमास्तरांनी दिला. निवृत्त माणूस, अक्षर मोत्यासारखं. कवळी घेतली आणि आठ दिवसांत दीड पानाचं प्रशस्तिपत्र लिहून आणलं. ‘आपल्या कुशल हातांनी मला अन्नाची गोडी परत दिली’ वगैरे. याने ते काच लावून भिंतीवर टांगलं. दोन वर्षं हेडमास्तर येता-जाता दारातून हात हलवायचे आणि हा फुलायचा. पुढे ते वारले. महिनाभराने त्यांचा मुलगा एक डबी घेऊन आला. म्हणाला, "बाबांनी ही फार जपून ठेवली होती. कागदसुद्धा काढला नव्हता."

दातवाल्याने ते पत्र उतरवलं आणि त्याच खिळ्याला पाटी लावली: ‘इथे छान म्हणू नये. कुठे टोचतं ते बोट ठेवून दाखवावं.’

तेव्हापासून या माणसाचा गोड बोलण्यावरचा विश्वासच उडाला. घरमालकिणीने हौसेने केक आणून दिला, "कसा झालाय?" म्हणून विचारलं. हा म्हणाला, "कडा करपल्यात. मधला भाग चालेल." कुणी "या ना कधीतरी घरी" म्हटलं की लगेच विचारणार, "कधी?" लोक त्याला तुसडा म्हणतात. मीही म्हणतो, पण त्याच्या तोंडावर म्हणतो, म्हणून आमचं जमतं.

आणि जगाशी असा उभा-आडवा वागणारा हा माणूस एका घराच्या दारात शिरला की लोण्यासारखा. ते घर त्याच्या वहिनीचं.

हा नऊ वर्षांचा होता तेव्हा आई-वडील दोघंही गेलेले. मोठा भाऊ जहाजावर, वर्षातले नऊ महिने पाण्यात. भावाने लग्न केलं आणि विशीतली बायको घरात आणून सोडली, ती या पोराच्या ताब्यात, की हा पोरगा तिच्या ताब्यात, देव जाणे. तिने त्याला वाढवलं. शाळेत पालक म्हणून तीच जायची, तापात तीच जागायची. तिला स्वतःचं मूल झालं नाही. कुणी खोचकपणे विचारलंच तर म्हणायची, "झालं की. नऊ वर्षांचंच झालं." भाऊ चार वर्षांपूर्वी वारला. ती दुकानापासून दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते, आणि अठ्ठावन्न वर्षांच्या या बाप्याला अजून ‘बाबू’ म्हणते.

या दोघांची एकमेकांशी असलेली सभ्यता बघवत नाही हो. ताटलीत शेवटचा तुकडा उरला की ती म्हणणार, "तू घे, मला भूक नाही." हा म्हणणार, "माझं पोट भरलंय." आणि तो तुकडा दुसऱ्या दिवशी कचऱ्यात. त्या घरातल्या मुंग्या यांच्या सभ्यतेवर पोसल्या गेल्यात. एकमेकांकडे कधी काही मागितलं नाही, एकमेकांना कधी उणं बोलले नाहीत, आणि आभाराचा शब्द तर दोघांच्या तोंडून कधी निघालाच नाही. घरच्या माणसाचे कसले आभार!

गेल्या थंडीत वहिनीचे उरलेसुरले दात काढावे लागले. कवळी अर्थातच हा करणार. एरवी तीन-चार दिवसांचं काम, याने अकरा दिवस लावले. गिऱ्हाइकांना "नंतर या" म्हणून परत पाठवलं. मी डोकावलो तर समोर एक जुना फोटो उभा केलेला. विशीतली वहिनी, जहाजाच्या धक्क्यावर, हसताना. पुढच्या वरच्या दोन दातांतला डावा किंचित उजव्यावर चढलेला. याने मेणात तो दात अगदी तसाच बसवला. मी म्हटलं, "अरे, वाकडा दिसतोय." तर म्हणाला, "तसाच होता."

ती आली, खुर्चीत बसली, कवळी घातली, आरशात बघितलं. मग त्या चढलेल्या दातावरून एकदा जीभ फिरवली आणि म्हणाली, "छान आहेत रे, बाबू. अगदी माझेच वाटतात."

पाटी तिच्या डोक्यावर चार बोटं. आणि शंभर गिऱ्हाइकांना खुर्चीत दाबून बसवून खरं वदवून घेणारा हा शहाणा काय म्हणाला असेल? "खरंच ना?" तिने मान हलवली. झालं! पाखरासारखा उडायला लागला. ना कुठे दाबतं ते बघायचा निळा कागद चावायला दिला, ना कानस हातात घेतली. मी तोंड उघडायला गेलो, तर मला चहा आणायला पाठवलं.

यानंतर वहिनी वाळायला लागली. आधीच अंगाने बारीक, त्यात गाल बसले, बांगडी कोपरापर्यंत जायला लागली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, सगळं ठीक. म्हणाले, "आजी, पोटभर खा. फळं खा, चावून खा." ही म्हणे, "खाते की." डॉक्टरांनी दातवाल्याला बाजूला घेऊन सांगितलं की असंच वजन उतरत राहिलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल, या वयात साधी सर्दीसुद्धा झेपणार नाही. तो दुकानात येऊन मला म्हणाला, "काही कळत नाही. दात तर उत्तम बसलेत."

कळलं ते आमच्या मंडळींमुळे. ही दुपारी सहज वहिनीकडे गेली होती, न सांगता. दार उघडायला वहिनीला वेळ लागला, तरी घाईत दात घालायचे विसरलीच. टेबलावर कपात चहा, चहात भिजून लगदा झालेला पाव, आणि बाजूला बशीखालून डोकावणारे दात. रोजचं जेवण तेच. दात फक्त रविवारी, बाबू यायचा त्या दिवशी.

"कुणाला सांगायचं नाही हं," ही मला म्हणाली. "तिने मला शपथ घातलीय."

"मी कुणाला सांगतो?"

"म्हणजे त्याच्या कानावर जाईल ना वेळेत?"

संसार चाळीस वर्षं उगाच टिकत नाही. तरी मी मंगळवार ते गुरुवार कळ काढली. माझ्या आयुष्यातला तो विक्रम आहे.

गुरुवारी सांगितलं तेव्हा तो कुणाची तरी वरची कवळी घासत होता. मोटर बंद केली. कवळी पुसली, जागेवर ठेवली. मला वाटलं आता मला झापणार, पण तो नुसता त्या पाटीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "रविवारी येशील का बरोबर? मी एकटा गेलो तर ती मला गुंडाळेल."

रविवारी जिना चढताना पहिल्या मजल्यावर तो थांबला. शर्टाचं वरचं बटण लावलं. खिशातून घडी केलेला कागद काढला.

"हे काय?"

"मी तिला आयुष्यात एकदाही आभारी आहे असं म्हटलेलं नाही. म्हटलं, दात देतो, त्यातच सगळं आलं. आता ते परत कसे करणार ती? टोचतात म्हणायचं म्हणजे माझं सगळंच परत केल्यासारखं. म्हणून आभार आज तोंडाने मानून टाकतो. मग दात नुसते दात राहतील."

मी म्हटलं, "कागद कशाला?"

"मला कुठे येतं असलं बोलायला?"

वहिनीने दार उघडलं, तोंडात दात, चेहऱ्यावर हसू, आणि ते हसू थोडं जास्तच घट्ट. टेबलावर सफरचंदाच्या फोडी, इतक्या पातळ की पलीकडची ताटली दिसावी.

"इतक्या पातळ का केल्यास?" याने विचारलं.

"दिसायला बऱ्या दिसतात."

तिने एक फोड तोंडात घातली. मी कवळीवाला माणूस, मला लगेच कळलं: ती चावत नव्हती, टाळूला लावून विरघळायची वाट बघत होती.

"वहिनी, टोचतं का गं?"

"छे रे."

"खालची हलते?"

"जराही नाही. माझेच आहेत असं वाटतं."

"मग वजन का उतरतंय?"

"वय झालं, बाबू. सगळ्यांचंच उतरतं. या भाऊंचं बघ." भाऊ म्हणजे मी. माझं कुठेही उतरलेलं नाही.

मग दातवाला उठून उभा राहिला. घसा साफ केला, कागद उलगडला आणि वाचायला लागला, "आपण माझ्या बालपणापासून माझ्यासाठी जे अपार कष्ट घेतलेत, त्याबद्दल मी आपला मनःपूर्वक आभारी आहे. आपल्या उपकारांची—"

"कोण आपण?" वहिनी म्हणाली.

"तू... म्हणजे आपण."

"मी ‘आपण’ कधीपासून झाले?"

"अगं, आभार मानतोय."

"आभार?" तिचा आवाज चढला. चौदा-पंधरा वर्षांची आमची ओळख, मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. "कसले आभार? मी तुला रस्त्यात पत्ता सांगितला का? बसमध्ये जागा दिली का? कांजिण्या आल्या तेव्हा रात्र रात्र पंख्याने वारा घातला, ते काय तू एक दिवस कागद वाचून दाखवशील म्हणून? बाहेर जा! दार वाजव आणि पाहुण्यासारखा ये, मग मानू आपण एकमेकांचे आभा—"

त्या शब्दावर खालची कवळी उचलली गेली आणि शिट्टी वाजली. तिने ओठ आवळले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा शिट्टी. मग ती वैतागली. तोंडात बोट घालून खालची कवळी काढली, सफरचंदाच्या फोडींवर आपटली, वरची काढून तिच्याशेजारी ठेवली आणि म्हणाली, "यांनी मेलं धड भांडताही येत नाही!"

मी पडद्यावरची फुलं मोजायला लागलो. वहिनीचा हात तोंडाशी गेला. आपण काय बोललो ते तिला तेव्हा कळलं.

दातवाला हळूच बसला. कागद उलटा केला, पेन्सिल काढली.

"कुठे टोचतं, वहिनी?"

तिने ताटली त्याच्याकडे सरकवली.

"खाली. डावीकडे आत. पहिल्या दिवसापासून."

"बोलली का नाहीस?"

"तू तो वाकडा दात शोधून लावलास. अकरा दिवस लावलेस, मला हे भाऊ बोलले. असं कुणी करतं का कुणासाठी? आणि मी काय म्हणायचं, टोचतं म्हणून?"

"हो. तेवढंच म्हणायचं."

"तुझं तोंड बघितलं असतंस तेव्हा, तूसुद्धा म्हणाला नसतास."

त्याने पेन्सिल कागदाला टेकवली. म्हणाला, "बोट ठेवून दाखव." तिने दाखवलं. त्याने लिहिलं. मग दुसरी जागा. मग तिसरी. जांभई दिली की वरची खाली येते. शिट्टी वाजते. पाणी प्यायलं तर खाली साचतं. एकेक सांगता सांगता बाईला जोम चढला. आणि एकदा चढलेला जोम काही दातांपाशी थांबत नाही!

"आणि तू ते निळं ब्लँकेट आणलंस ना?"

"त्याचं काय?"

"टोचतं! नऊ वर्षं झाली, अंगभर टोचतं!"

त्याने तेही लिहिलं.

"आणि भिंतीवरचं घड्याळ. टक टक करून डोकं उठवतं."

लिहिलं. आणि मग, कागदावरून मान वर न करता, म्हणाला, "तुझं ते गाजराचं सूप."

"काय झालं त्याला?"

"मला कधीच आवडलं नाही."

"मागून मागून प्यायचास की!"

"तू एवढं करायचीस म्हणून."

"अरे, तुला आवडतं म्हणून मी करायचे! मला तर त्याचा वाससुद्धा सोसत नाही. तुझ्याबरोबर म्हणून कसंबसं घशाखाली घालायचे."

म्हणजे हिशेब बघा. एकोणपन्नास वर्षं दर आठवड्याला या घरात सूप शिजत होतं आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंना दोघंही नाक मुरडायचं टाळून ते पीत होती! मी हसलो, ती माझी चूक झाली. दोघंही माझ्यावर उलटली. "तुम्ही मध्ये पडू नका," म्हणाली. मी दाराकडे निघालो तरी सुपाचं भांडण चालूच होतं: सुरुवात कुणी केली, पहिल्यांदा ‘आणखी वाढ’ कोण म्हणालं, आणि जहाजावरून आलेल्या भावालाही ते प्यावं लागलं होतं, त्याचं पाप कुणाचं. जिन्यात येईपर्यंत ऐकू येत होतं.

पुढच्या पंधरवड्यात वहिनी पाच वेळा दुकानात आली. तिच्यासारखं कटकट करणारं गिऱ्हाईक मी त्या खुर्चीत पाहिलेलं नाही. "अजून टोचतं." "आता पलीकडे टोचतं." "मघाशी बरं होतं, तू बिघडवलंस." हा कानस घ्यायचा, केसभर घासायचा, पुन्हा तिच्या हातात द्यायचा. एकदा तर त्याने खालची कवळी मोडूनच टाकली आणि नव्याने माप घेतलं. ती म्हणाली, "एवढं करू नकोस रे," मग स्वतःच थांबली, आणि म्हणाली, "कर. नीट कर." वाळलेल्या हाताने आरसा धरून बसायची आणि तिथून सूचना सोडायची. त्याच्या कपाळाला घाम, आणि चेहरा मात्र शाळेतून घ्यायला आई आलेल्या पोरासारखा. मी हे त्याला बोललो. त्याने मला बाहेर हाकललं. आता थोडा वेळ बाहेर उभं राहून मी परत आत आलो, ते सोडा.

सहावी खेप झाली नाही. आठ दिवस गेले, दहा गेले. ती येईना, फोनही येईना. हा पुन्हा काळजीत. मला म्हणायला लागला, "पुन्हा सभ्य झाली वाटतं. ड्रॉवरमध्ये ठेवली असणार." जाऊन बघ म्हटलं तर धीर होईना.

बाराव्या दिवशी सकाळी फोन वाजला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओल्या प्लास्टरमध्ये, म्हणून मी फोन उचलला आणि स्पीकर लावला. मदत म्हणून लावला, दुसरं काही मनात नव्हतं.

"बाबू," पलीकडून वहिनी, "माझे दात हरवले रे."

"हरवले?"

"डबीत नाहीत. बेसिनवर नाहीत. उशीखाली बघितलं, फ्रिजमध्येसुद्धा बघितलं. सकाळपासून शोधतेय." आणि मध्येच कुडुम कुडुम असा आवाज.

दातवाल्याने माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, तू आत्ता काय खातेस?"

"दाणे. शोधून शोधून भूक लागली. का?"

"भाजलेले?"

"मग काय कच्चे खाऊ?"

"कशाने खातेस?"

कुडुम कुडुम थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, आधी एक, अगदी हळू, मग दुसरं.

"तुला कामधाम नाही का?" वहिनी म्हणाली. "सकाळी सकाळी माझा वेळ घेतोस. ठेव फोन."

फोन तिनेच ठेवला. दातवाला तसाच उभा राहिला, हात पुढे धरून, किती वेळ कोण जाणे. खुर्चीतलं गिऱ्हाईक आरशातून आमच्याकडे बघत होतं. भांड्यातलं प्लास्टर दगड झालं आणि त्या बिचाऱ्याचं माप पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागलं.